सोजराबाईंच्या दारातला ट्रेलर

जेम्सची नोकरी गेल्यापासून जेसिका नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती. जेम्स तिचा धाकटा भाऊ. सिद्धगिरी रोडलाइन्समध्ये त्याला चिकटवलं होतं ते तिच्या नवऱ्यानेच, पीटर चक्रनारायणने. आणि कंपनीने दोन ट्रेलरची गाडी आणली तेव्हा नको झाला तोही जेम्सच.

शिरूरकडच्या कारखान्यातून वॉशिंग मशीन भरायची आणि न्हावरे, केडगाव-चौफुला करत वरवंडच्या गोदामात नेऊन उतरवायची, हे सिद्धगिरीचं रोजचं काम. आधी दोन गाड्या जायच्या. दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर. आता एकच घोडा, म्हणजे इंजिन आणि केबिनचा पुढचा भाग, एकामागे एक जोडलेले दोन ट्रेलर ओढत न्यायचा. डिझेल वाचलं, टोल वाचला, माणसं वाचली. क्लीनरच्या जागी कॅमेरे बसले. दोन ड्रायव्हरना ही गाडी शिकवली आणि एकाला ठेवलं. ठेवलेला पीटर होता, दुसरा जेम्स.

खरं सांगायचं तर पीटरला ती गाडी आवडायची. चौफुल्यावर लोक चहाचा कप हातात धरून उठून बघायचे, पोरं मोबाइल काढायची. वीस वर्षं ट्रक चालवताना त्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं. एकच गोष्ट त्या गाडीला जमत नव्हती. तिला मागे जाता येत नव्हतं. रिव्हर्स टाकला की दोन्ही ट्रेलर मधल्या जोडावर दोन दिशांना दुमडायचे. शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "समजा की या गाडीला रिव्हर्स गिअरच नाही."

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी न्हावऱ्याच्या पुढे उसाची ट्रॉली आडवी पडली होती. अख्खा रस्ता उसाने भरला होता. लोक हात करून गाड्यांना डाव्या अंगाने पिंपळमळ्याच्या रस्त्याला लावत होते. पीटरने गाडी बाजूला घेऊन ऑफिसला फोन लावला. गाड्यांचं काम अनुपमा मॅडम बघायच्या. ही दोन ट्रेलरची कल्पना त्यांचीच होती आणि आज वरवंडला ती बघायला पाहुणे येणार होते.

"पीटर, नकाशात दिसतंय, तो रस्ता वाडीतून जाऊन पुढे परत मेन रोडला लागतो," त्या म्हणाल्या. "जाईल का गाडी? तुम्ही सांगा."

पीटरने समोर पाहिलं. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन त्याच रस्त्याला वळत होते.

"जाईल की," तो म्हणाला.

वाडीच्या मध्यावर रस्ता डावीकडे वळत होता. उजव्या हाताला देवळाचा दगडी पार, डाव्या हाताला कोपऱ्यावर पत्र्याचं छप्पर असलेलं दगडमातीचं घर. पीटरने घोडा पाराला घासेल इतका बाहेरून घेतला. पहिला ट्रेलर निघाला. दुसरा मात्र पहिल्याच्या चाकोरीतून येत नाही, तो वळण आतून कापतो. हे पीटरला ठाऊक होतं. पूर्वी अशा जागी क्लीनर उतरून मागे थांबायचा आणि पत्र्यावर थाप मारून ओरडायचा. आता पडद्यावर बघायचं होतं, आणि मागच्या कॅमेऱ्यावर उसाचं पाचट येऊन चिकटलं होतं. पडदा नुसता हिरवा-पिवळा दिसत होता.

आधी खरवडल्याचा आवाज आला. मग घोडा थरथरला आणि अडला.

पीटर उतरून मागे धावला. मागच्या ट्रेलरची कूस घराच्या कोपऱ्यात रुतली होती. वरचे दोन-तीन दगड आत ढकलले गेले होते, भिंतीला पोट आलं होतं. ट्रेलर भिंतीवर रेललेला होता, जसा दमलेला माणूस रेलतो. उरलेली लांबी घराच्या दर्शनी बाजूला आडवी उभी होती. दार, खिडकी, सगळं त्या निळ्या पत्र्यामागे गेलं होतं.

आतून बाईचा आवाज आला. "आरं कोन हाय रं भायेर? माजं दार कुनी लावलं?"

पीटरने ट्रेलरच्या कडेशी तोंड नेलं.

"मावशी, दार उघडा जरा," तो म्हणाला.

"उघडलंय की! उघडलंय तर म्होरं निळा पत्रा! हात बी जाईना."

ट्रेलर आणि उंबरा यांच्यात दोन बोटांची फट होती. त्या फटीतून पीटरला एक डोळा आणि हिरव्या लुगड्याचा काठ दिसला. त्या सोजराबाई. घरात एकट्याच होत्या. मुलगा पुण्याला, सून करिश्मा कारखान्यात कामाला. मागची भिंत शेजारच्या घराला लागून, त्यामुळे मागे दार नाही.

तोवर मागून उसाचे ट्रॅक्टर येऊन थांबत गेले. शेवटचा कुठे आहे ते दिसत नव्हतं. माणसं जमली. पोपटराव आले. ते पूर्वी सरपंच होते आणि सोजराबाई त्यांची चुलती. त्यांनी आधी पीटरला दोन शिव्या घातल्या, मग भिंतीला हात लावून बघितला आणि हात पटकन मागे घेतला.

"घे की मागं!" कुणीतरी म्हणालं.

"मागं जात नाही ही," पीटर म्हणाला.

"म्हंजी?"

"गाडीच तशी आहे. मागं जात नाही."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एवढी मोठी गाडी, आणि मागे जात नाही. पोपटरावांनी गाडीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"मग म्होरं?"

"पुढं घेतली तर ट्रेलर भिंत ओढत नेणार. भिंत आत पडली तर मावशी आत आहेत."

पीटरने ऑफिसला फोन लावला. अनुपमा मॅडमनी पहिला प्रश्न बरोबर विचारला. "आत कुणी आहे? लागलंय का कुणाला?"

"एक मावशी आहेत. लागलं नाही."

"त्यांना घराच्या दुसऱ्या टोकाला बसायला सांगा आणि हळूहळू पुढे घ्या. भिंत कंपनी बांधून देईल. उद्याच्या उद्या."

"मॅडम, भिंतीवर पत्र्याचं आढं आहे. सगळंच खाली येईल."

"तुम्हाला खात्री आहे?"

"खात्री नाही."

"मग?"

पीटरला खरंच खात्री नव्हती. कदाचित नुसता कोपरा पडला असता.

"मागचा ट्रेलर उतरवू का?" त्याने विचारलं. "रिकामा झाला की हलका होईल. मग सोडवून ट्रॅक्टरने मागं ओढता येईल."

"सील तोडायचं नाही. सील तुटलं की अख्खा माल परत येतो. पाहुणे वरवंडला बसलेत, पीटर. आजच्या दिवशी नको. क्रेनचं बघते."

क्रेन येणार कुठून? मागे उसाचे ट्रॅक्टर आणि फाट्यावर सांडलेला ऊस, पुढून यावं तर वळणात हीच गाडी आडवी. ते त्यांना तिथे बसून दिसत नव्हतं आणि पीटरला सांगायची ताकद राहिली नव्हती.

पोपटरावांनी तरुण पोरं छपरावर चढवली. देवळाकडच्या बाजूचे दोन पत्रे काढले, शिडी आत सोडली.

"काकू, चढा!"

"मी न्हाई."

"आवं, भिंत पडंल!"

"माजं गुडघं धरल्यात. उंबरा चढताना मी भिंतीला धरती, आन् तू शिडी सांगतोस? मधीच पाय घसरला तर? तुमी वडणार मला वर, कडब्याच्या पेंढीगत?"

पोपटरावांनी समजावलं, दटावलं, शेजारणींकडून सांगवलं. सोजराबाई हलल्या नाहीत. मग त्यांचा आवाज बारीक झाला.

"पोपट, तो डायवर हाय का तिथं? त्याला आत धाडून दे."

"त्यो कशाला?"

"मी आत आन् तो भायेर, म्हंजी कवा बी गाडी हालवंल. त्यो आत बसला का मग कुनी न्हाई हालवत. त्याच्या जिवाचं तर त्याला भ्या असंल का न्हाई?"

सगळ्यांनी पीटरकडे पाहिलं. त्याने चावी पँटच्या खिशात घातली, चपला काढल्या आणि शिडीवर पाय ठेवला. मनात कुठेतरी त्याला बरंच वाटलं. आत गेलं की मॅडमचा फोन घ्यायला नको.

आत अंधार होता. उघड्या छपरातून उन्हाचा एक चौकोन जमिनीवर पडला होता, बाकी सगळं काळंनिळं. सोजराबाई ज्वारीच्या कोठीला टेकून बसल्या होत्या. एवढ्या ताठ आवाजात बोलणारी बाई दाराच्या फटीवरून नजर काढत नव्हती.

"बस हितं," त्या म्हणाल्या. "नाव काय तुजं?"

"पीटर."

"किरिस्ताव व्हय? आमच्या केडगावच्या आत्याच्या शेजारी व्हती तुमची मानसं. चांगली व्हती." मग जरा वेळाने, "पानी पी. गॅस काय मी पेटवत न्हाई, न्हाई तर च्या दिला असता."

भिंतीतून मधूनच माती सुटायची. बारीक, चाळणीतून पीठ पडावं तशी. दर वेळी दोघंही तिकडे बघायची आणि मग एकमेकांकडे बघणं टाळायची.

"मला बंद जागंचं लई भ्या वाटतं," सोजराबाई एकाएकी म्हणाल्या. "ल्हान व्हते तवा बापानं पेवात उतरवली व्हती. जमिनीतलं धान्याचं पेव ठावं हाय का तुला? त्वांड ल्हान असतं, मोठा मानूस मावत न्हाई. दोरीनं सोडली खाली, ज्वारी भरायला. आत हवाच न्हाई. मी वरडले तर आवाज बी वर जाईना. वडून काढली तवा निळी पडले व्हते म्हनं." त्यांनी दाराकडे मान केली. "तवापासनं मी दार लावून झोपत न्हाई. पावसाळ्यात बी न्हाई. आन् बघ."

पीटरने दाराकडे पाहिलं. "चुकलं माझं, मावशी," तो म्हणाला. "मॅडमनी विचारलं जाईल का, मी म्हणालो जाईल."

"का म्हनलास?"

"नाही म्हणलो असतो तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. नाही म्हणणारा ड्रायव्हर ते कशाला ठेवतील? आणि दुसरा शिकवलेला घरी बसलाच होता.

फोन वाजत होता. पीटरने तो उचलला नाही. ऊन जमिनीवरून सरकून भिंतीवर चढलं. पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं. सोजराबाईंना धाप लागत होती. त्यांनी पदर ओला करून मानेवर ठेवला होता. बाहेर पोपटराव कुणाकुणाला फोन करत होते. बराच वेळ काहीच झालं नाही. तोच वेळ सगळ्यांत वाईट होता.

मग बाहेर ओळखीचा आवाज आला. "दाजी?"

पीटर उठून दाराच्या फटीशी गेला. फटीत जेम्सचा चेहरा होता, उभा चिरलेला, एक डोळा आणि अर्धी मिशी.

"तू कसा आलास?"

"मॅडमनी फोन केला. दुसरी चावी देऊन मोटरसायकलवर माणूस पाठवला घरी. म्हणाल्या, तू गाडी ओळखतोस. फक्त चार-पाच फूट पुढे घ्यायची, की मागचा सुटतो." तो थांबला. "म्हणाल्या, उद्यापासून कामावर ये."

पीटरला फटीतून त्याचा डोळा नीट दिसत नव्हता.

"भिंत पडेल, जेम्स."

"तुम्ही वर या ना मग. शिडी आहे."

"मावशींना चढता येत नाही."

जेम्सचा चेहरा फटीतून निघून गेला. बाहेर पोपटरावांचा आवाज चढला, कुणीतरी "ए, खाली उतर!" म्हणून ओरडलं, आणि घोड्याचं इंजिन सुरू झालं.

इंजिनाची थरथर ट्रेलरमधून भिंतीत आली आणि भिंतीतून जमिनीत. कोपऱ्यातला एक दगड सुटून डब्यांवर आदळला. माती धो-धो पडायला लागली. सोजराबाईंनी पीटरचं मनगट धरलं आणि डोळे मिटले. पीटरने त्यांना ओढून कोठीच्या आड घेतलं आणि स्वतः त्यांच्यावर वाकून उभा राहिला. त्याला प्रार्थना आठवली नाही. फक्त जेसिकाचा चेहरा आठवला, सकाळी डबा देतानाचा, न बोलणारा.

"जेम्स!" तो ओरडला. "जेम्स!"

इंजिन चालूच होतं. गाडी हलत नव्हती, पण केव्हाही हलेल असं वाटत होतं. मग एकदम आवाज बंद झाला. एवढी शांतता पडली की पडणाऱ्या मातीचा आवाज ऐकू येत होता.

पावलं आली. जेम्सचा चेहरा पुन्हा फटीत आला. घामाने निथळत होता.

"टाकीतली हवा उतरली होती," तो म्हणाला. "हवा भरल्याशिवाय ब्रेक सुटत नाहीत ना. सोडवायची म्हटली तरी. म्हणून सुरू केली."

पीटर त्याच्याकडे बघत राहिला. ते खरंही होतं. ब्रेक सोडवायला हवा लागतेच. पण आधी सांगता आलं असतं. जेम्सने मान खाली घातली, आणि पीटरने पुढे काही विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही.

"सील तोड," पीटर म्हणाला. "माझं नाव सांग. मी सांगितलं म्हणून तोडलं."

"तुमचं कशाला? मी कुठं कामावर आहे?" जेम्स म्हणाला आणि गेला.

पुढचं सगळं त्या दोघांनी आत बसून नुसतं ऐकलं. मागचा ट्रॅक्टर रेटून मागे घेतल्याचा आवाज. पहारीने सील तुटल्याचा आवाज. मग पोपटराव माणसांना हाका मारू लागले आणि ऊसतोडणीची माणसं, बाया, वाडीतले म्हातारे, सगळे मशीन उतरवायला लागले. एकेक मशीन चौघांच्या हातून निघायचं. "हळू, हळू, काच हाय!" "आरं, देवळात न्हाई, पाराच्या कडंनं लावा!" कुणीतरी हसलंसुद्धा. ट्रेलर हलका होत गेला तसा स्प्रिंगांवर वर उचलला जाऊ लागला, आणि प्रत्येक वेळी भिंत कुरकुरायची.

सोजराबाईंनी पीटरचं मनगट सोडलं नव्हतं.

"तुजा भाऊ हाय का त्यो?"

"मेहुणा."

"गाडी सुरू केली त्यानं."

"हवा भरत होता, मावशी."

त्यांनी पीटरकडे बघितलं.

जोड सोडवला, मागच्या ट्रेलरचे ब्रेक हाताने मोकळे केले, मागून दोन ट्रॅक्टरांना वायररोप बांधला. पोपटराव ओरडले, "सरकून बसा आत!" ट्रेलर किंचाळत मागे सरकला. कोपऱ्यातल्या भिंतीचे वरचे थर आत कोसळले. धुळीचा लोट उठला. आढं वाकलं, पण पडलं नाही.

आणि दारात उजेड आला.

सोजराबाई उठल्या. गुडघ्यांचं काही न बोलता त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या, बाहेर आल्या आणि रस्त्याच्या मधोमध खाली बसल्या. बायका त्यांच्याभोवती जमल्या. कारखान्याच्या बसमधून उतरून करिश्मा धावत आली, तरी त्या तिथेच बसून होत्या. पाराला लागून पांढऱ्या वॉशिंग मशीनची रांग उभी होती आणि पोरं त्यांची दारं उघडून आत डोकावत होती.

कंपनीने भिंत बांधून दिली. सिमेंटची, पक्की. पाहुणे त्या दिवशी निघून गेले, पण महिन्याभराने परत आले. त्यांना दोन ट्रेलरची गाडी आवडली. आता गाडी फक्त हायवेवरून नगर रोडने पुण्याला वळसा घालून जाणार होती. लांब पडलं तरी दोन गाड्यांपेक्षा स्वस्तच पडत होतं.

तोवर घरी बसवलेल्या पीटरला अनुपमा मॅडमनी बोलावलं. त्या दमलेल्या दिसत होत्या.

"सीलचं मी सांभाळून घेतलंय," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून परत बसा."

"मला क्लीनर द्या, मॅडम. एक माणूस."

"मग दोन ट्रेलर कशासाठी, पीटर?" त्यांनी रागाने नाही, खरोखर विचारल्यासारखं विचारलं. "माणूस वाचतो यावरच तर हे सगळं उभं आहे. तुम्ही म्हणताय ते चूक नाही. पण मी वर काय सांगू?"

"मग मला जुनी, एका ट्रेलरची गाडी द्या."

"त्या विकल्या आपण."

पीटरने चावी टेबलावर ठेवली. मॅडमनी ती लगेच उचलली नाही. तो जिना उतरेपर्यंत त्याला वाटत होतं, त्या हाक मारतील. पण मारली असती तर तो परत गेला असता का, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याला यवतच्या एका भाजीच्या व्यापाऱ्याकडे टेम्पोवर काम मिळालं. पगार कमी. मुक्काम कधी तिकडेच.

पुढच्या रविवारी चर्चमधून आल्यावर जेम्स घरी आला. बाहेरच्या खुर्चीवर बसून त्याने बराच वेळ चहा ढवळला.

"मॅडमचा परत फोन आला होता, गाडीसाठी," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मी हो म्हणू का?"

जेसिका दारात उभी होती. पीटरने एकदा तिच्याकडे पाहिलं. तिला भावाला काम मिळायला हवं होतं आणि भाऊ त्या गाडीत बसायला नको होता. दोन्ही तिच्या चेहऱ्यावर होतं.

"म्हण," पीटर म्हणाला. "फक्त वळणावर शंका आली तर उतरून बघत जा. पडद्यावर विश्वास ठेवू नको."

"उतरलो तर गाडीत कोण?"

जेम्सने चहा संपवला, कपबशी स्वतःच आत नेऊन ठेवली आणि बहिणीला "येतो ताई" म्हणून निघाला. मोटरसायकलचा आवाज कोपऱ्यावरून गेला.

"गाडी घेईल ना तो?" जेसिकाने विचारलं. त्या महिन्यात तिने आपणहून विचारलेला तो पहिलाच प्रश्न होता.

"घेईल," पीटर म्हणाला.

ती त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसली. दोघंही रस्त्याकडे बघत राहिली.